तार पडली आणि चक्की चालूच होती

माझं सासऱ्यांशी भांडण होतं ते चक्कीवरून. पीठ जाड की बारीक असलं घरगुती भांडण असतं, तर मी केव्हाच माघार घेतली असती. पण हे भांडण त्यांच्या जिवाचं होतं. गावातली पिठाची चक्की चालू आहे की बंद, एवढं कान देऊन ऐकायचं आणि त्यावरून जमिनीवर पडलेल्या विजेच्या तारेला हात लावायचा की नाही ते ठरवायचं, ही त्यांची जन्मभराची पद्धत. ही पद्धत एक दिवस त्यांना घेऊन जाणार असं मला वाटायचं, आणि मी ते त्यांच्या तोंडावर बोलून दाखवायची. माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, सासूबाईंना मामी. मामाजी लाइनमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावानं त्यांना निवृत्त केलं नाही. रोहण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात अजूनही तार पडली की ऑफिसला फोन करायच्या आधी कुणीतरी आमच्या अंगणात येऊन हाक मारतं, "लाइनमन भाऊ!" आणि मामाजी जेवत असतील तर हात धुऊन, झोपले असतील तर तोंडावर पाणी मारून निघतात. जयभीम घालणारा माणूस पुढे आणि हे पक्कड खिशात टाकून मागे, अशी जोडी मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे.

मीही विजेतच आहे. उपकेंद्रांमधले रिले तपासायचं माझं काम. रिले म्हणजे लाइनीवर नजर ठेवणारी पेटी. तार तुटून जमिनीला लागली की करंट एकदम वाढतो, तो त्या पेटीला दिसतो आणि ती लाइन बंद पाडते. एवढंच. मी आणि नवरा सिंदी मेघेला राहतो आणि रविवारी गावी जातो. तर एकाच घरात एक जण जन्मभर खांबावर चढलेला आणि एक जण पेटीसमोर बसलेली. मामाजी मला चिडवायचे, "तू लाइनीचं तोंड पाह्यते, म्या तिचं अंग पाह्यलं."

त्यांची चक्कीची पद्धत वेड्यासारखी नव्हती, हे आधी सांगते. त्यांच्या तरुणपणी फोन नव्हते. शिवारात तार पडली तर उपकेंद्रातली लाइन उतरली, म्हणजे बंद पडली, की नाही हे शेतात उभं राहून कळणार कसं? गाव आणि शिवार एकाच लाइनीवर होतं. चक्की सकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत चालायची आणि तिची घरघर नाल्याच्या पार ऐकू यायची. जिती तार जमिनीला लागली की लाइन उतरायची, आणि चक्की अर्ध्या पायलीवर गप्प व्हायची. म्हणून मामाजींनी गावाला शिकवलं होतं. तार पडली आणि चक्की थांबली, तर ती आपली तार, मागं सरा. तार पडली आणि चक्की चालूच, तर ती जिनिंगची.

जिनिंग म्हणजे सरकी काढायचा कारखाना. तो बंद पडून जमाना झाला, पण त्याच्यासाठी ओढलेली लाइन आमच्या लाइनीच्या शेजारून शिवारभर तशीच उभी होती, दोन्ही टोकांनी तोडलेली, मेलेली. तिच्या तारा आपापल्या सवडीनं पडायच्या. मग मामाजी जायचे, वेटोळं करून आणायचे आणि ज्या बाईनं आधी मागितली असेल तिला देऊन टाकायचे. अर्ध्या गावाचे कपडे जिनिंगच्या तारेवर वाळतात. कुणाच्या अंगणात नवी तार ताणलेली दिसली की ओळखायचं, शिवारात एक खांब मोकळा झाला.

मग गाव आणि आमच्या वावराच्या मधे सोलरचा प्लँट आला.

मला तो आवडला, हे खरं सांगते. माळावर जिथं नुसती गवतं आणि बोरी होत्या तिथं निळ्याकाळ्या काचांच्या ओळी आल्या. सकाळी त्या सगळ्या एका अंगाला कललेल्या असत, दुपारी आभाळाकडे तोंड करून आडव्या पडत, संध्याकाळी दुसऱ्या अंगाला. मान वळवताना एकाही काचेचा आवाज होत नसे. कुंपणाला टेकून बघत राहिलं की डोळे जड व्हायचे. धूर नाही, फिरतं चाक नाही, आणि तरी आत कुठेतरी वीज तयार होते आहे, हे मला शिकूनसवरूनही पुरतं खरं वाटत नसे. कित्येक रविवारी मी तिथं उगाच जाऊन उभी राहिले. मामी म्हणायच्या, "घरी काय कमी हाय पाह्याले?"

पण घरी आले की माझी झोप उडायची. कारण त्या काचांच्या मागे त्यांची वीज लाइनीजोगी करणारे इन्व्हर्टर आहेत, आणि इन्व्हर्टरचा स्वभाव मला ठाऊक होता.

तो स्वभाव मी मामाजींना जेवताना समजावून सांगितला. लांबच्या औष्णिक केंद्रातली मोठमोठी जनित्रं दिलदार असतात. तार जमिनीला लागली की ती धावून येतात, नेहमीच्या कितीतरी पट करंट ओततात, आणि म्हणूनच रिलेला कळतं की काहीतरी बिघडलं. इन्व्हर्टर तसा नाही. त्याच्या पोटातले नाजूक भाग जळतील म्हणून तो आधी स्वतःला जपतो. कितीही आकांत झाला तरी रोजच्यापेक्षा चिमूटभर जास्त देतो, बस्स.

"पंगतीत दोन वाढपी असतात ना मामाजी," मी म्हटलं, "एक मागितलं की भांडंच उपडं करते. अन् दुसरा वाटीनं मोजून वाढते, कोनी कितीबी वरडो."

"माह्या नणदेवानी," मामी म्हणाल्या.

"अन् दुपारचं तं आनखी वाईट हाय," मी पुढे रेटलं. "दुपारी आपल्या गावाचा सारा भार प्लँटच उचलते. उपकेंद्रातून येनारा करंट अगदी कमी होते. प्लँटच्या पल्याड तार पडली, तं उपकेंद्राचा करंट वाढून किती होईन? सकाळ-संध्याकाळी रोज असते तेवढाच! रिले म्हनन, सारं बरोबर हाय. लाइन उतरनारच नाई. तुमची चक्की चालूच राहीन, अन् तार जिती राहीन."

मामाजींनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला. "करंट म्हंजे करंट," ते म्हणाले. "जमिनीले लागला का बोंबलते. तुमच्या काचांचा काय मुका असते?"

मी ताटावरून उठले. नवऱ्यानं मागून आवाज दिला तरी थांबले नाही. रिलेची नवी जुळणी करायला हवी हे मी ऑफिसात वर कळवलेलं होतं आणि मंजुरी वाटेवर होती. पण वाट मंजुरीची असो की माणसाची, मला तिकडे बघत बसणं कधी जमलं नाही. आठवडाभर मला आमच्या अंगणातली ती हाक ऐकू यायची आणि पक्कड खिशात टाकणारा हात दिसायचा.

तो रविवार हिवाळ्यातला. कापसाचा दुसरा वेचा चालू होता, तूर पिवळी झाली होती. जेवणं झाल्यावर मी अंगणात बाज टाकून उन्हाला पाठ देऊन पडले. नवरा कोणाकडे तरी गेला होता, मामी आत भांडी आवरत होत्या, मामाजी ओट्यावर पेपर वाचत बसले होते. हिवाळ्यातल्या दुपारचं ऊन अंगात हळूहळू मुरतं, तशी झोप मुरली. चक्की चालू होती. तिची घरघर बाजेच्या दोरीतून कानात येत होती आणि मी त्या आवाजावर तरंगत होते. स्वप्नात मी माळावर होते. काचांच्या ओळी पाण्यासारख्या हलत होत्या आणि मी त्यांच्यामधून चालत होते, पाय ओले न होता. लांबून कोणीतरी बाई हाक मारत होती. "लाइनमन भाऊ! बांधाजवळ तार पडली हो, जिनिंगची! मले पायजे कपडे वाळवाले!" स्वप्नातच मला बरं वाटलं. चक्की चालू आहे, म्हणजे जिनिंगचीच. मामाजींच्या चपला वाजल्या, फाटक वाजलं. काचांवरून एक बगळा सावकाश गेला. सगळं ठीक आहे, चक्की चालू आहे, असं मी मनाशी म्हणत होते, आणि इतका वेळ म्हणत होते की त्यातूनच कुठूनतरी भीती वर आली. जिनिंगचीच कशावरून? तो बांध प्लँटच्या पलीकडे आहे, आणि तिथं दुपारी आपली जिती तार पडली तरी चक्की चालूच राहील.

मी उठून बसले. ऊन पांढरं झालं होतं. सूर्य डोक्यावरून नुकताच कलला होता, म्हणजे प्लँट भरात. ओटा रिकामा होता, पेपर पडलेला होता.

"मामी, मामाजी?"

"गेले ना वावरात. तार पडली म्हने बांधाले."

मी अनवाणी पळाले. पळता पळता उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन लावला. तो माझ्या ओळखीचा, सरळ माणूस. मी ओरडले, "शिवाराची लाइन पाड. आत्ता."

"काऊन मॅडम? इथं तं सारं बरोबर हाय. अँपिअर बी रोजच्याएवढेच हायेत."

"रोजच्याएवढे दुपारी कसे राहतीन? दुपारी तं कमी पायजेत, प्लँट चालू हाय ना! म्हनूनच सांगते! पाड, माह्या जबाबदारीवर पाड!"

त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मला फक्त माझा श्वास आणि चक्की ऐकू येत होती. त्या चक्कीचा मला इतका संताप आला, की ती समोर असती तर मी तिच्या पट्ट्याला हात घातला असता. मामाजी दिसत होते. बांधाच्या खाली, पऱ्हाटीच्या ओळींच्या टोकाला, पांढरा सदरा. त्यांच्यामागे कापूस वेचणाऱ्या बाया पोटाशी बांधलेल्या कापसाच्या झोळ्या, म्हणजे ओटे, सावरत उभ्या होत्या. मी हाक मारली, पण वारा माझ्या तोंडावर होता. हाक त्यांच्यापर्यंत गेली नाही. मामाजी वाकले.

आणि चक्की थांबली.

तिची घरघर खाली खाली गेली आणि विरली. सगळं शिवार एकदम मोकळं झालं, चिमण्या ऐकू यायला लागल्या. आधाराची लाइन गेली की इन्व्हर्टरही पाठोपाठ बंद होतात, हे मला माहीत होतं, म्हणून मी समजले की आता तार मेली. मी धावणं थांबवून चालायला लागले. पण मामाजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या हिशेबी चक्की थांबली याचा अर्थ एकच होता. ते ताडकन सरळ झाले, दोन्ही हात पसरून बायांना मागे रेटू लागले आणि त्या तारेकडे पाठ करून लांबच्या खांबांकडे बघत ओरडले, "मांगं व्हा! मांगं व्हा सार्‍या! कुठंतरी जिती तार पडली!"

मी पोचले तेव्हाही ते कपाळावर हात धरून खांब न्याहाळत होते. मला बघून म्हणाले, "बरं झालं आली तू. ते पाह्य बरं, तुह्या डोयाले दिसते का, कुठली तुटली?"

"हीच तुटली, मामाजी."

"हे जिनिंगची हाय. हे पडली तवा चक्की चालू होती."

मी मटकन ढेकळात बसले आणि रडायला लागले, तेही मोठ्यानं, बाया बघत असताना. रागानं रडत होते की जीव भांड्यात पडला म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. मग मी बोटानं दाखवलं. तार जिथं टेकली होती तिथली माती भाजून काळी पडली होती, खाली पडलेली दोन बोंडं जळून गेली होती आणि जमिनीतून अगदी बारीक वाफ निघत होती. मामाजी उकिडवे बसले. मी ओरडले, "हात नोका लावू!" कोणी पुन्हा लाइन चालू केली तर, ही भीती उरलीच होती. त्यांनी हात लावला नाही. मातीच्या वर वीतभर हात धरला आणि तसाच ठेवला, शेकोटीवर धरतात तसा. ज्या बाईला कपडे वाळवायला तार हवी होती ती आपला ओटा सावरून दुसऱ्या ओळीला निघून गेली.

मग हात तसाच धरून मामाजी म्हणाले, "आवाज नाई केला तिनं."

पुढचं आमच्या ऑफिसातलं काम रीतसर झालं. त्या लाइनीचा रिले आता करंट किती याच्याबरोबर तो कुठून कुठे वाहतो हेही बघतो, आणि जरा शंका आली की प्लँटलाही बाजूला व्हायला सांगतो. मी स्वतः उभं राहून तपासलं. पण कुठलाही रिले चुकू शकतो हे मला जितकं ठाऊक आहे तितकं कुणाला नसेल. त्यामुळे माझा खरा प्रश्न उपकेंद्रात नव्हता, गावात होता. मामाजींनी जे गावाला शिकवलं होतं ते पोराटोरांच्या अंगात भिनलेलं होतं.

ते काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. मी सांगितलं नव्हतं. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर ते उभे राहिले. एरवी कधी बोलत नाहीत ते. म्हणाले, "म्या तुमाले सांगलतं का चक्की चालू राह्यली तं तार मेलेली. ते आता धरू नोका. कोनतीबी तार पडली तं ते जितीच समजजा, अन् आफिसले फोन करजा. मलेबी बलावू नोका."

मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग इतके दिवस आमाले खोटं सांगत होते काय?"

"खोटं नोयतं," मामाजी म्हणाले. "तवा खरं होतं."

कोणीतरी हसलं. मला त्या हसणाऱ्याचा इतका राग आला की मी मान वळवून कोण ते पाहून ठेवलं. मी जिंकले होते म्हणायचं, तर त्या सतरंजीवर बसून मला जिंकल्यासारखं जराही वाटलं नाही. मामाजी दारोदार गेले, वेचणाऱ्या बायांकडे गेले, चक्कीवाल्याकडेही गेले. काहींनी मान डोलवली. काही म्हणाले, लाइनमन भाऊ आता थकले. ते त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

त्यानंतर एका रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं वावरातून परत येत होतो. वाट प्लँटच्या कुंपणाला लागून. सूर्य बुडाला होता, पण उजेड अजून गेला नव्हता. तुरीच्या वरून धुकं नुकतं धरायला लागलं होतं. काचा दिवसाचं वळणं संपवून पुन्हा सपाट झाल्या होत्या आणि त्यांच्यात आभाळाचा जांभळा रंग भरला होता. मी नेहमीसारखी बघत बघत, जरा हरवल्यासारखी चालत होते. मामाजी कुंपणापाशी थांबले.

"आता हा झोपला ना?" त्यांनी विचारलं.

"हो. आता याची वीज बंद."

"मंग आता लाइनीले करंट कोनाचा? जुनाच ना? तिकडूनच येनारा?"

"हो."

त्यांनी कुंपणाची जाळी धरली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे आता तार पडली, तं लाइन उतरन. चक्की थांबन. आता तं माहं खरं हाय ना, बाई? सूर्य बुडाल्यावर तं खरं हाय?"

खरं होतं. अगदी खरं होतं, मी कोणालाही कागदावर मांडून दाखवलं असतं. सूर्य मावळल्यापासून चक्की बंद होईपर्यंत त्यांची पद्धत तितकीच पक्की होती जितकी त्यांच्या तरुणपणी होती. पण मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला कळलं, की मी हो म्हटलं तर हा माणूस उद्या पुन्हा निघणार. दिवस मावळला की नाही याचा अंदाज घेत, ढगाळ दुपारीही, कुणी हाक मारली की निघणार. आणि त्यांच्यामागून गाव.

"नाही मामाजी," मी म्हटलं. "आताही नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. जन्मभर लाइनीवर काढलेला माणूस, त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

"बरं," ते म्हणाले.

आम्ही चालू लागलो. ते थोडे मागे राहिले. मी पाऊल कमी केलं नाही आणि वळूनही पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मी हो म्हटलं असतं.